पायाखालून गेलेला थवा

आभाळे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. बांधकामावरच्या लोकांनी ते त्यांना चिकटवलं आणि ते असं घट्ट बसलं, की एकदा हजेरीच्या कागदावर कारकुनानंही तेच लिहून टाकलं. माणूस टॉवर क्रेन चालवायचा. सकाळी उजाडायच्या बेताला पाठीला पिशवी अडकवायची, पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि आणखी एक रिकामी बाटली. ती रिकामी कशाला, ते विचारू नका. ऐंशी मीटरवर कुणी संडास बांधून देत नाही. मग वीस मिनिटं शिडी. वर कपाटाएवढी केबिन, तिला समोर काच, बाजूंना काच आणि पायाखालीही काच. एकदा बसले की संध्याकाळपर्यंत उतरायचं नाव नाही. वॉकीटॉकीवर खालून मुकादम सांगणार, डावीकडे, अजून थोडं, बस, सोड. आभाळे तीन टनांची सळ्यांची जुडी अशी टेकवायचे, जसं झोपलेलं मूल गादीवर ठेवावं.

आता दिवसभर एवढ्या उंचीवर तोंड मिटून बसलेला माणूस घरी आल्यावर गप्प राहील होय? आभाळे बोलत सुटायचे. आज एक घार क्रेनच्या टोकावर अर्धा तास बसून होती आणि माझ्या डब्याकडे बघत होती. आज इंद्रधनुष्य पडलं, आणि वरून बघितलं तर ते अर्धं नसतं बरं का, अख्खं गोल असतं, बांगडीसारखं. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शाळेची बस चालवायचा आणि जेवायच्या वेळेला बरोबर उगवायचा. तो विचारायचा, "भाऊजी, वर हवा विरळ असते का हो?" बायको रक्ताच्या लॅबमध्ये बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या कामाला होती. लिहिलेलं असेल तेवढंच खरं, हा तिचा खाक्या. ती नुसतं हं म्हणायची आणि वाढायला घ्यायची.

विश्वास ठेवणारं घरात एकच माणूस होतं, ते नऊ वर्षांचं. त्यांची मुलगी बिटकी. आभाळे दारात आले, की त्यांचा बूटही पायातून निघायच्या आत तिचा प्रश्न हजर, आज वरून काय दिसलं? त्या प्रश्नासाठी माणूस दिवसभर डोळे उघडे ठेवून बसायचा म्हणा ना.

आणि एका सकाळी त्यांना खरोखरच काहीतरी दिसलं. हुकाला सळ्या लटकत होत्या, वळवायला घेतल्या होत्या, आणि पायाखालच्या काचेतून काहीतरी गुलाबी सरकायला लागलं. आधी वाटलं, कुणाचं तरी कापड उडालं. मग कापडाला पंख दिसले. शेकडो. लांब माना पुढे काढलेले, पंखांच्या कडा काळ्या, मधला भाग लाल. फ्लेमिंगोंचा थवा चालला होता, त्यांच्या पायाखालून. आभाळ्यांचे हात दांड्यावर तसेच राहिले. मुकादम खालून शिव्या घालत होता, सळ्या का लटकवल्यास म्हणून, आणि हे पायाखालच्या काचेवर वाकून बघत होते.

घरी बिटकीनं ते तीनदा सांगायला लावलं. केवढे होते? आभाळ्यांनी दोन्ही हात छातीपुढे धरून दाखवलं, एवढे, बदकाएवढे. कुठून गेले? इथून, तळपायाखालून. तिनं आपला तळपाय उचलून बघितला.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण शाळेत बाईंनी पक्ष्यांचा धडा शिकवताना विचारलं, फ्लेमिंगो कुणी पाहिलेत? बिटकी उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या बाबांच्या पायाखालून जातात. वर्ग खो खो हसला. बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या, त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की गोष्ट वेगळी आणि खरं वेगळं. पण पोरांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात थापाडी झाली. खेळताना ती म्हणाली आउट, तर कुणी मानेना. ती म्हणाली पोट दुखतंय, तर शेजारचीच म्हणाली, पायाखालून गेलं का?

हे तिनं बाबांना सांगितलं नाही, आईला सांगितलं. काहीतरी बिनसलंय, हे आभाळ्यांना कळलं ते दारातच. बूट निघाले, मोजे निघाले, प्रश्न आला नाही. पाच-सहा दिवस त्यांनी वाट बघितली. मग आपणहून सांगायला सुरुवात केली, आज काय झालं माहितेय का, ढग असा खाली आला, की... बिटकीनं वहीतून मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "बाबा, हे खरं की गोष्ट?"

साऱ्या जगानं थापाड्या म्हटलं तर म्हणू दे, पण ह्या एका माणसापुढे त्यांचा शब्द पडला होता. त्या रात्री त्यांनी बायकोकडून शाळेतलं सगळं काढून घेतलं. रविवारी बिटकीला पाणथळीवर न्यायचं, फ्लेमिंगो दाखवायचे, हे जेवतानाच ठरलं.

मेहुणा लगेच पुढे. रस्त्यांचं माझ्यावर सोडा, असं म्हणून त्यानं कुणाची तरी गाडी आणली, कुणाची तरी दुर्बीण आणली, आणि सगळ्यांना थेट पक्षी बघायच्या लाकडी मचाणावर नेऊन उभं केलं. मचाण छान होतं. पक्ष्यांची चित्रं असलेला फलकही छान होता. समोर मात्र करड्या रंगाचं पाणी, करडा चिखल आणि चार बगळे. दुर्बीण सगळ्यांच्या हातातून फिरली. मेहुणा म्हणाला, बगळेच गुलाबी समजून बघा, हवं तर. तिथला राखणदार म्हणाला, पहाटे होते, हजारांनी होते, पण भरतीचं पाणी चढलं की जातात कुठंतरी.

आभाळे कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिले. बिटकी शेजारी येऊन उभी राहिली. रडली नाही, रुसली नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "असू दे, बाबा. मी शाळेत सांगेन, दिसले म्हणून."

पोरगी बापासाठी खोटं बोलायला तयार झाली होती. तिनं ठरवूनच टाकलं होतं, की बाबा थाप मारतात, आणि आता ती थाप सांभाळून घेणं आपल्याकडे आलं. आभाळ्यांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोंड लपवायला जागा असती, तर ते लपवून बसले असते.

मग राखणदाराचं बोलणं त्यांच्या डोक्यात उशिरा उतरलं. पाणी चढलं की जातात कुठंतरी. अहो, कुठंतरी काय? त्यांना माहीत होतं कुठं. वरून त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. खाडी भरत आली, की गुलाबी ठिपके उठतात आणि छपरांच्या रांगेमागच्या चौकोनी तळ्यात जाऊन बसतात. ते ठिपके म्हणजे हेच पक्षी, हे मात्र आत्ता ध्यानात आलं. निळं लांबलचक छप्पर, त्याच्यापुढे दोन गोल टाक्या, एक उंच धुराडं, आणि मागे रुमालाएवढं तळं. तळहातावरच्या रेषांसारखं पाठ होतं. ते म्हणाले, गाडी राहू दे, चालत चला.

आणि इथे पंचाईत झाली. आभाळ्यांना तो सगळा भाग पाठ होता, पण वरून. जमिनीवर उतरल्यावर निळं छप्पर कुठाय? जमिनीवर भिंतीच भिंती. टाक्या भिंतींमागे, तळं त्याहून मागे. ते ठासून उजवीकडे वळले, तर समोर बंद फाटक. डावीकडे वळले, तर गोदामाची पाठ. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच फाटक आलं आणि फाटकावरचा कुत्रा ओळखीचा झाल्यासारखा भुंकायचाही थांबला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, वीस वर्षं ह्या रस्त्यांवर बस चालवतोय, इथे तळंबिळं काही नाही. बायको म्हणाली, अहो, विचारा ना कुणाला तरी. त्यांनी एका सायकलवाल्याला विचारलं, निळ्या छपराची इमारत कोणती? त्यानं ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. छपराचा रंग कुणाला माहीत असतो?

बिटकी मागून येत होती. तिची चाल मंदावली होती.

आभाळे रस्त्याच्या मधोमध थांबले आणि सवयीनं वर बघितलं. आणि छपरांच्या वर, पार लांब, त्यांना त्यांची क्रेन दिसली. पिवळी. सुट्टीच्या दिवशी तिचा ब्रेक मोकळा ठेवतात, त्यामुळे तिचा लांब हात वाऱ्याबरोबर हळूहळू वळत होता. ती इतकी उंच असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. तिच्या अलीकडे ते धुराडं. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केबिनमधून तळं नेहमी धुराड्याच्या बरोब्बर मागे दिसायचं. म्हणजे तळ्यातून बघितलं, तर धुराड्याच्या मागे क्रेनचा खांब झाकला जायला हवा. धुराड्यानं क्रेन झाकेल अशा जागी उभं राहायचं आणि ती झाकलेली ठेवत मागे मागे जायचं. झालं, तळं गाठलं.

त्यांनी लगेच बाजूला सरकत क्रेनचा खांब धुराड्याआड घातला, तोंड तिकडेच ठेवलं आणि उलटे चालायला लागले. मेहुण्यानं कपाळाला हात लावला. पण उलटं चालणाऱ्याला मागचं दिसत नाही, आणि दोन पावलांवरच आभाळे एका हातगाडीवर आदळले. तेव्हा बिटकी त्यांच्या मागे गेली, त्यांचा शर्ट धरला आणि म्हणाली, मी सांगते.

"डावीकडे. अजून थोडं. बस. आता सरळ."

आभाळ्यांनी मुकाट्यानं ऐकलं. एका कारखान्यावरून गेले, तिथे भाजलेल्या बिस्किटांचा वास आला. हे धुराडं बिस्किटांचं आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत आज कळलं. वर वास पोचत नाही. दोन भिंतींमधल्या बोळातून गेले. बोळ इतका अरुंद, की मेहुणा आडवा झाला. खड्डा, बाबा. पाइप आहे, पाय उचल. खांब दिसतोय का? नाही, झाकलाय. मग चल. बोळ संपला, पायाखाली माती आली, आणि माती चढायला लागली. कसला तरी जुना बांध होता. आता तीन पायऱ्यांसारखं आहे, बिटकी म्हणाली. एक. दोन.

तीन आलंच नाही. शर्टावरचा हात सुटला.

आभाळे एक पाय हवेत धरून उभे, नजर धुराड्यावर. मग त्यांना आवाज ऐकू आला. भिंतीपलीकडच्या शाळेची मधली सुट्टी व्हावी तसा, हजार गळ्यांतून एकदम येणारा घोगरा कलकलाट. काचेच्या केबिनमध्ये हा कधी पोचला नव्हता. ते वळले.

तळं नव्हतंच. पाणी दिसत नव्हतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत फक्त गुलाबी, आणि ते गुलाबी हलत होतं, चालत होतं, चोच उलटी करून चिखल गाळत होतं. सगळ्यात जवळचे तर वीस पावलांवर. आणि केवढे ते! बदकाएवढे म्हणून सांगितलेले पक्षी बिटकीएवढे उंच होते. काठीसारख्या पायांवर तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे. उंचावरून अंदाज सपशेल चुकला होता. वर्षानुवर्षं ज्याला जग थापाड्या म्हणत आलं, त्या माणसानं हात एवढेसे करून अर्ध्याहूनही कमी सांगितलं होतं.

बायको बांधावर मटकन खाली बसली. मेहुण्यानं पक्षी मोजायला बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं. दुर्बीण त्याच्या गळ्यात लोंबत होती आणि तिची आठवण कुणाला नव्हती.

मग काय झालं कुणास ठाऊक, एका टोकाचे दहा-बारा पक्षी पाण्यावरून पळायला लागले. त्यांच्यामागे शंभर, त्यांच्यामागे सगळेच. पंख उघडले आणि आतला लाल रंग एकदम बाहेर पडला. वारा चौघांच्या तोंडावर आला. ऐंशी मीटरवर ज्यांचा पाय कधी डगमगला नाही, त्यांना हातभर उंच बांधावर बायकोच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. थवा त्यांच्या डोक्यावरून वर चढला, एक वळण घेतलं, आणि धुराड्याला वळसा घालून सरळ क्रेनकडे निघाला.

धुराड्याआडचा खांब दिसावा म्हणून बिटकी बांधावर बाजूला सरकून टाचा उंचावून बघत होती. थवा लहान होत गेला, पट्टी झाली, रेघ झाली. रेघ पिवळ्या खांबापाशी पोचली आणि मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंनी पुढे गेली. वर ती कपाटाएवढी केबिन उन्हात चमकत होती. थवा गेला होता तिच्या खालून.

बिटकीचे डोळे भरले होते, आणि बाबांकडे वळली तेव्हा तिनं ते पुसलेही नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "तू किती कमी सांगितलंस."

आभाळे तिच्या शेजारी चिखलातच बसले.