निक्स झोपली तेव्हा

ग्रीकांची निक्स म्हणजे साक्षात रात्र. तिला देवांचा राजा झ्यूससुद्धा टरकून असायचा, ही माहिती मला माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने दिली. कोविडमुळे इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या टूवूंबात, तिची शाळा लॅपटॉपवर आली होती, आणि मी हॉस्पिटलात नर्स, महिनाभर नाइट शिफ्टला. मी सकाळी येऊन झोपायचे तेव्हा ती उठून अभ्यासाला बसायची.

"आई, निक्स आणि तिची मुलगी, म्हणजे दिवस, फक्त दारात भेटतात. एक आत आली की दुसरी बाहेर. जस्ट लाइक अस."

खरं बोललेलं कोणाला सोसतं? मी चिडले. पण वर्गात ग्रीक देव सादर करायचे ठरले, तेव्हा मीच छातीठोकपणे सांगितलं, नऊच्या ठोक्याला मी निक्स होऊन तुझ्या शेजारी असेन.

काळ्या रंगाला आपल्याकडे एरवी नाकं मुरडतात, संक्रांतीला मात्र त्याचाच मान. मी ऐन मे महिन्यात चंद्रकळा नेसले. चांदण्या म्हणून माझ्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने डब्यातून काढले. आरशात मी निक्स कमी आणि हळदीकुंकवाला निघालेली सूनबाई जास्त दिसत होते. लेक पिवळ्या झग्यात दिवस होऊन तयार होती. पावणेनऊ झाले होते, म्हणून पाचच मिनिटं सोफ्यावर टेकले.

जाग आली तेव्हा बारा वाजले होते. लॅपटॉप बंद होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक सोफ्याला टेकून जमिनीवर बसली होती, काहीतरी चघळत.

"उठवलं का नाहीस गं मला?" चूक माझी आणि खेकसलेही मीच.

"मी कॅमेरा तुझ्याकडे वळवला. सांगितलं, दिस इज निक्स, एव्हरीबडी म्यूट! झ्यूसपण तिला उठवत नाही. टीचरसुद्धा म्यूट झाली. मग तू घोरलीस. दे लव्ड इट."

"सॉरी, बाळा. मी शब्द दिला होता." मला खरंच रडू आलं.

"नो वरीज. क्लास संपल्यावर मी इथेच बसले. गोष्टीत त्या दोघी एका घरात कधीच नसतात. आज आपण होतो ना."

मी तिला जवळ ओढलं. गळ्यातला हार हलका लागला म्हणून चाचपून पाहिला. दहा वर्षं जपलेल्या अर्ध्या चांदण्या दिवसाने केव्हाच खाऊन टाकल्या होत्या.