जुन्या चादरीतला उजेड

काकूंच्या कपाटातून एखादी पांढरी चादर नाहीशी झाली, की काकांना नवा सिनेमा मिळाला असं घरात समजायचं. चोरी दरवेळी पकडली जायची, कारण काकांना चादरीची घडी घालता येत नाही. पिशवीतून तिचा एक कोपरा शेपटीसारखा लोंबत राहायचा.

काका कॅमेरामन. सुरुवात ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत झाली. दिवसभर ‘हनुवटी खाली’ एवढंच म्हणायचं काम. तिथे एकदा एक शाळामास्तर फोटो काढायला आले. पुढे ते सिनेमे करू लागले, तेव्हा त्यांनी काकांनाच शोधून काढलं. त्या फोटोत आपण चोरासारखे दिसलो नव्हतो, एवढं कारण त्यांना पुरलं. मग दोघं जन्मभर एकत्र राबले आणि जन्मभर भांडले. मास्तरांना शब्द हवे असत, काकांना खिडकीतला उजेड. अबोला धरला की लाइट लावणारा उंच गडी, ज्याला सगळे खांब म्हणत, तो मध्ये उभा राहून निरोप पोचवायचा. निरोपातले अपशब्द मात्र तो स्वतःकडेच ठेवायचा.

चादरीचा शोध लागला तो पहिल्याच सिनेमात. उजेड मऊ करायला दिव्यासमोर ताणायचं कापड आणायचं राहून गेलं होतं आणि काकांनी पांघरायला घरची चादर नेली होती. खांबाने तीच लावली. नायिकेच्या चेहऱ्यावर उजेड असा उतरला, जसं कुणी न बोलता शेजारी येऊन बसावं. पुढे महागडी कापडं आली आणि गेली. धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीची सर एकालाही आली नाही.

मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलीने पहिला सिनेमा करायला घेतला, तेव्हा काका आणि खांब न बोलावताच हजर झाले. अडचण होती ती बाईंची. मास्तरांच्या त्या पहिल्या सिनेमातली नायिका म्हणजे या बाई. बरीच वर्षं त्या कॅमेऱ्यासमोर आल्या नव्हत्या. मुलीने गळ घातली म्हणून आल्या, पण अट घालून. आधी जवळून चेहऱ्याची चाचणी घ्यायची. पटली नाही, तर आपण फक्त लांबून दिसणार. आणि सिनेमाचा शेवट म्हणजे खिडकीशी बसलेल्या बाईंचा चेहरा, दुसरं काहीच नाही. तो गेला तर सिनेमा गेला.

या खेपेला काकूंनी चादर आपणहून काढून दिली. एवढ्या मोठ्या बाईंच्या पुढ्यात जाणार म्हणून हौसेने निळीत बुचकळली, खळ घातली, कडक इस्त्री केली. खांबाने ताणली तर ती पत्र्यासारखी वाजली. मॉनिटरवर बाईंचा खिडकीकडचा गाल उबदार होता आणि दिव्याकडचा निळसर.

“अर्धा चेहरा घरी, अर्धा दवाखान्यात,” खांब पुटपुटला.

निळा रंग सावरायला जावं, तर खिडकी पिवळी पडायची. दिव्यांच्या ट्रकमधलं नवं कापड लावून पाहिलं, तर चेहरा नुसता भिंतीसारखा सपाट. बाईंनी एकदाच पाहिलं आणि पर्स उचलली. आपण आधीच सांगितलं होतं, एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांची मुलगी हातातले कागद सारखे करत राहिली.

काकांनी घरी फोन लावला. काकूंनी नीळ कबूल केली, तेव्हा ते रागावले नाहीत. जुनी, बिननिळीची एखादी आहे का, असं विचारलं. होती. इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली, मध्ये विरलेली. काकू तशाच घरच्या चपलांवर, चादर पोटाशी धरून टॅक्सीत बसल्या. इकडे खांबाने बाईंना मास्तरांच्या भांडणांचे किस्से सांगून थोपवून धरलं, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेले अपशब्दही खर्ची घातले.

पण बाई पुन्हा त्या खुर्चीत बसेनात. म्हणून काकांनी काकूंना बसवलं.

“अगं, दोन मिनिटं. हनुवटी खाली.”

एवढ्या संसारात काकूंवर त्यांनी दिवा लावला तो तेव्हाच. खांबाने दिवा जरा मागे सरकवला, काकांनी चादरीचं एक टोक चिमट्यात ओढून बसवलं. काकूंच्या सुरकुत्या कुठे गेल्या नाहीत. होत्या तिथेच राहिल्या, फक्त त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार उरली नसावी तशा. बाई पर्स खांद्याला लावून मागे उभ्या होत्या, त्या एक पाऊल पुढे आल्या.

काकूंनी मॉनिटर आपल्याकडे वळवायला लावला आणि निरखून पाहिलं.

“अहो, म्हणजे हे तुम्हाला येत होतं. आणि मला जन्मभर ट्यूबलाइटखाली ठेवलंत.”

आधी खांब हसला, मग बाई. बाईंचं हसू आवरेना. डोळे टिपत त्या खुर्चीजवळ आल्या.

“वहिनी, उठा आता. माझी जागा आहे ती.”

चाचणी त्यांनी बराच वेळ पाहिली. ‘बरी आहे’ म्हणाल्या आणि उद्या किती वाजता यायचं ते विचारलं. मुलीने इतक्या वेळाने हातातले कागद खाली ठेवले. निघताना बाईंनी ती चादर मागितली. काकूंनी साफ नकार दिला. हवं तर हा माझा माणूस घेऊन जा, म्हणाल्या.

संध्याकाळी काकांनी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर मोठ्या प्रेमाने एक पांढरा पंचा टांगला. काकू मांडीवर चादर घेऊन बसल्या होत्या. चिमट्याने ती कोपऱ्यात फाटली होती आणि सकाळी पुन्हा लागणार होती.

“ते काढा आधी,” त्या वर न बघता म्हणाल्या. “मला सुईत दोरा ओवायचाय.”