पेटी ऑफिसर नेगींचा सेट

नौदलातल्या माझ्या चार वर्षांपैकी शेवटची दोन विशाखापट्टणमला, डायव्हिंग टीमच्या वर्कशॉपमध्ये गेली. मी डायव्हर नव्हते. डायव्हर ज्यातून श्वास घेतात ते रीब्रीदर सेट तयार ठेवणं, हे माझं काम.

साध्या सिलिंडरवर सोडलेला श्वास बुडबुडे होऊन निघून जातो. रीब्रीदरमध्ये तो बाहेर जातच नाही. नळीतून चुन्याच्या दाण्यांच्या डब्यात जातो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, कमी पडलेला ऑक्सिजन मिसळतो आणि तोच श्वास परत तोंडाशी येतो. दाणे भरताना मध्ये पोकळी राहिली तर खराब हवा तिथून निसटते आणि डायव्हरला कळायच्या आत भोवळ येते. म्हणून डबा थोडा भरायचा, चारही बाजूंनी टिचक्या मारायच्या, पुन्हा भरायचा.

वर्कशॉपचा एक रिवाज होता. ज्याने सेट भरला त्यानेच आधी त्यातून श्वास घ्यायचा. नाकाला चिमटा, नजर डिस्प्लेवर, पाच मिनिटं. मग माउथपीस धुऊन डायव्हरच्या हातात. मला ही पाच मिनिटं आवडायची. तेवढा वेळ कुणी बोलायला सांगत नसे.

"गोंदिया, तू तो बिना सेट के भी माउथपीस लगाकर घूमती है," पेटी ऑफिसर दीपक नेगी माझ्या जिल्ह्याच्याच नावाने हाक मारत म्हणायचे. ते उत्तराखंडमधल्या एका डोंगरी गावचे. भरतीआधी त्यांना पोहता येत नव्हतं, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. जुन्या दुखापतीमुळे त्यांचा डावा खांदा पूर्ण उचलत नसे. त्यांच्या सेटवरचं ऑक्सिजनचं बटण मी उजव्या बाजूला आणलं, नळ्या त्यांच्या मानेच्या मापाने बदलल्या. माप घेताना ते हलायचे नाहीत. "शादी में दर्जी ने भी इतना नहीं नापा था," एवढंच म्हणाले.

गोंदिया जिल्ह्यात बुडालेल्या माणसाला शोधायला जायची ऑर्डर आली तेव्हा जिल्ह्याचं नाव वाचून टीमच्या लेफ्टनंटने माझ्याकडे पाहिलं.

"लोकल है. चलेगी."

इटियाडोहच्या अलीकडे एक लहान धरण आहे. धानासाठी कालव्याला पाणी सोडलेलं होतं. पाणी सोडायच्या भुयारापाशी जाळं टाकताना मंगेश नावाच्या तरुणाचा डोंगा उलटला आणि ओढीने तो जाळ्यासकट आत गेला. गेट बंद करेपर्यंत उशीर झाला होता. स्थानिक पथकाचे लोक साधे सिलिंडर लावून दोनदा आत शिरले. बुडबुडे छताला लागले की गंज आणि गाळ खाली यायचा. हात दिसेना, म्हणून ते परतले. रीब्रीदरला बुडबुडे नसतात. म्हणून आम्हाला बोलावलं.

धरणाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मंगेशचे वडील सुखदेव बसून होते. शेजारच्या एका ढिवराने, मासे धरणाऱ्याने, मला विचारलं, "बाई, तुमी कोठच्या?"

"कुडव्याची."

"मंग बोलत काऊन नाही?"

"राहू दे जी," दुसरा म्हणाला. "सरकारी मानूस हाय, फुकट नाही बोलत."

मी इंग्लिश मीडियमची. घरी हिंदी. इथली झाडीबोली कळायची, पण बोलायला जीभ वळत नसे. सुखदेव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरगा भेटन का?"

सूट चढवणाऱ्या नेगींनी विचारलं, "क्या पूछ रहे हैं?" मी सांगितलं. ते थेट सुखदेवांनाच म्हणाले, "लेके आऊँगा, बाबा."

असं वचन द्यायचं नसतं. लेफ्टनंटने त्यांच्याकडे पाहिलं.

गोड्या पाण्यात वजन कमी लागतं, म्हणून मी त्यांच्या पट्ट्यातलं शिसं कमी केलं. डबा भरला. नळ्यांच्या क्लिपा हाताने ओढून पाहिल्या. माझी पाच मिनिटं घेतली. तिन्ही सेन्सरचे आकडे जुळत होते. सकाळी साडेदहाला नेगी पाण्यात उतरले. दोरी लीडिंग सीमन थॉमसच्या हातात होती. वरून एक झटका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’, खालून परत एक आला की ठीक.

"डायव्हर, वन पुल."

"ओके आया," थॉमस म्हणाला.

पाऊण तासाने, बॉडी बांधायला नेलेल्या दुसऱ्या दोरीला तीन झटके आले. म्हणजे बॉडी बांधली आहे, ओढा. हळूहळू ओढली आणि मंगेश वर आला. पाळीवर रडणं सुरू झालं.

"डायव्हर, वन पुल," लेफ्टनंट म्हणाला.

थॉमसने दोरी ओढली. थांबला. परत ओढली.

"नो रिस्पॉन्स, सर."

"स्टँडबाय डायव्हर, गो."

काठावर तयार असलेल्या स्टँडबाय डायव्हरने नेगींना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्याभोवती नायलॉनच्या जाळ्याचा अर्धा भाग गुंडाळलेला होता. अर्धा त्यांनी कापला होता. श्वासाची नळी फाटली होती. माउथपीस तोंडाबाहेर होतं, पण त्याची कळ बंद केलेली होती. आत पाणी जाऊ नये म्हणून ती बंद करूनच माउथपीस काढायचं असतं. मग इमर्जन्सी सिलिंडरचं माउथपीस तोंडात घ्यायचं. ते जाळ्याखाली दबलं होतं. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले, पण नेगी गेले होते.

सेटला हात लावायचा नाही, अशी ऑर्डर होती. मी नुसती त्याच्याजवळ उभी राहिले. सुखदेव मुलाला सोडून माझ्याकडे आले. सेटला अडकलेल्या जाळ्याची गाठ दोन बोटांत धरून बघत राहिले.

"हा जारा मीच बांधलो होतो," ते म्हणाले. "तुटू नये म्हनून दुहेरी गाठ मारलो."

मी मान हलवली. तो सेट मी भरला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

विशाखापट्टणमला चौकशीत सेट उघडला. दाण्यांत कुठे पोकळी नव्हती. सेन्सर ठीक. नळीची क्लिप जागेवर घट्ट होती, रबर मधोमध फाटलं होतं. ते जाळ्याने फाडलं, असं रिपोर्टमध्ये आलं. लेफ्टनंट म्हणाला, "तुम्हारा काम सही था." मी "सर" म्हटलं आणि बाहेर आले. त्या दिवशी जेवले नाही.

नोकरी संपल्यावर मी कुडव्याला परतले. काही महिन्यांनी स्कूटीने सुखदेवांच्या गावी गेले. त्यांनी ओळखलं. पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाले, "त्या नेव्हीच्या पोराच्या मायचा फोन लावून देता का? मले सांगायचं हाय."

नेगींच्या घरचा नंबर माझ्याकडे होता. मी स्पीकर लावला. त्यांची ओळख करून दिली. नेगींच्या आई "हाँ, बोलिए," म्हणाल्या. सुखदेव म्हणाले, "माय, तो जारा माह्या हातचा होता."

मी ते जसंच्या तसं हिंदीत सांगितलं.

"आपका लड़का मिल गया था?" नेगींच्या आईंनी विचारलं.

"भेटला, माय. तुमच्याच पोरानं आनून देला." मी तेही हिंदीत सांगितलं.

"क्या नाम था?"

"मंगेश."

त्यांनी ते नाव एकदा म्हटलं. मग सुखदेवांनी मला त्या आईच्या मुलाचं नाव विचारलं. मी सांगण्याआधी त्या स्वतःच म्हणाल्या, "दीपक."

"दीपक," सुखदेव म्हणाले.