शिकागोहून आलेल्या पाहुण्याची झोप

सोलापूरच्या भवानी पेठेत त्या काळी सकाळी साडेनऊ वाजता अंथरुणात असलेल्या पुरुषाला दोनच कारणांनी माफी मिळे. एक तर तो गिरणीत तिसऱ्या पाळीला असे, नाही तर आजारी. तिसरेही एक कारण होते. ते तोंडाने सांगण्याची पद्धत नव्हती, अंगठा ओठांकडे नेला की पुरे. म्हणूनच, समोरच्या माडीत उतरलेला पाहुणा भर उन्हात तोंडावर चादर ओढून झोपलेला मी लागोपाठ तिसऱ्या सकाळी पाहिला, तेव्हा सायकलवर टांग टाकण्यापूर्वी थांबलो. शेजारच्या घरात माग सुरू झाले होते. त्या खडखडाटात सरावाचा माणूसही बोलणे थांबवतो. हा कूसही बदलत नव्हता.

हा पाहुणा माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला शिकागोहून आला होता.

वडील गेल्यापासून तिच्या लग्नाची जबाबदारी माझ्यावर होती. ते सत्तरीचे दशक होते, आणि परदेशातले स्थळ म्हणजे घरातल्या बायकांना सणासारखे वाटे. मला तसे वाटत नव्हते. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असे, आणि न पाहिलेल्या प्रदेशाविषयी बोलताना आधार लागतो, एवढे त्या विषयाने मला शिकवले होते. बार्शीच्या बँकेतल्या एका मुलाची चौकशी मी एका दुपारीच पुरी केली होती: शेजारी, जुने शिक्षक, किराणा दुकानदार. त्यांच्या होकाराची आम्ही वाट पाहत होतो. शिकागोत मी कोणत्या किराणा दुकानदाराला विचारणार? समोर दिसेल तेवढाच पुरावा, आणि तो पुरावा चादरीखाली झोपला होता.

बहिणीला पाहण्याचा कार्यक्रम तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता झाला होता. त्याचे मामा, म्हणजे आमचे समोरचे चादरींचे व्यापारी, त्याला घेऊन आले. मुलाच्या पायांत मामांच्या चपला होत्या, त्याही जेमतेम मावलेल्या. घोटे सुजले होते. डोळे लाल होते. मी दोन्ही गोष्टी मनात नोंदवल्या आणि तोंडी परीक्षा घ्यायला बसावे तसा समोर बसलो.

"प्रवास कसा झाला?"

"लांबला, सर, शिकागोहून थेट आलो ना. बूट काढून बसायची चूक केली. उतरताना पाय आतच जाईनात. चालक सोडून सगळे उतरले, मी नाड्या सोडत बसलोय."

"विमानात माणूस वेळ कसा घालवतो?"

"बसून अवघडतो, म्हणून उठून चालतो. मधल्या वाटेनं शेवटपर्यंत जायचं, परत यायचं. लोकांना वाटतं पोट बिघडलंय. शेजारचा सिगारेट ओढत असतो, त्याच्या धुराला नाही म्हणता येत नाही. पाणी मात्र मागून मागून प्यायचं. दारू देतात, ती घेतली की घसा कोरडा पडतो आणि डोकं दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखतं."

"हे अनुभवानं माहीत?"

"शेजाऱ्याच्या अनुभवानं, सर," तो हसत म्हणाला. मामा मोठ्याने हसले. मी हसलो नाही.

पण तो बोलायला तल्लख होता, हे मान्य करावे लागले. विमान खाली येताना कान बंद होतात म्हणून गोळी चघळायची, घड्याळ विमानात बसल्याबरोबर पोहोचायच्या गावाचे लावायचे, असे त्याने बहिणीला सांगितले. "आणि पोटाला कोण सांगणार?" असे तिने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पोटाला पोहे सांगतात." दोन बशा संपवून त्याने तिसरीकडे पाहिले. माझी पत्नी तेवढ्यावरच खूश झाली.

मी पद्धतशीर माणूस आहे. संशय एकदम सगळ्या बाजूंनी घेऊ नये, एकेक बाजू तपासून पुसावी. दारूची बाजू पहिली. पत्नी विरजण मागण्याच्या निमित्ताने समोर जाऊन आली. वास नाही, बाटली नाही, आणि मामी त्याच्या तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासत होत्या, एवढे कळले. दुसरी बाजू आजाराची. सुजलेले पाय मूत्रपिंडाचेही लक्षण असते, असे मी कुठेतरी वाचले होते. मामांना आडून विचारले.

"मास्तर, माणूस दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठिवून बसल्यावर सुजणारच की! तुमी बसा की एकदा पंढरपूरच्या यष्टीत रात्रभर, मंग बघू."

तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि तो स्वतःच्या बुटांत दिसला. ती बाजू पुसली. उरली झोप.

"आता झोपेचं म्हनाल," मामा म्हणाले, "तर त्यांची रात ती आपला दिवस. अंगाला ठावं नसतंय कुटं आलोय ते. विमानाचा शीण हाय त्यो, दुसरं काय न्हाय. पहाटं चार वाजेपातुर रेडिओ चालू ठिवतंय, झोपू देत न्हाय बगा आमाला. आन एक वाजता उठून विचारतंय, मामी, जेवायला काय."

हे उत्तर मी तत्काळ स्वीकारले, कारण ते माझ्याच विषयातले होते. पंधरा अंश रेखांशाला एक तास, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. पण घड्याळाचे काटे फिरवले तरी माणसाचे पोट, डोळे आणि मेंदू जुन्याच रेखांशावर राहतात, असे मी कधी सांगितले नव्हते. ते मला आवडले. संशय फिटल्याचा थोडा आनंदही झाला, असे म्हणायला हरकत नाही.

तो आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात पृथ्वीचा गोल घेऊन मी तोच धडा शिकवत होतो. मी विचारले, "सोलापुरात दुपारचे चार वाजले असतील, तर शिकागोत किती?" एका मुलीने बोटांवर मोजून सांगितले, "पहाटेचे साडेचार, सर."

उत्तर बरोबर होते. माझा खडू मात्र फळ्यावर थांबला.

दुपारी चार वाजता हा मनुष्य माझ्या घरी पोहे खात होता आणि विनोद करीत होता. त्याचे शरीर जर शिकागोतच राहिले होते, तर त्या शरीराच्या दृष्टीने ती ऐन पहाट होती. त्या वेळी तर त्याने पेंगायला हवे होते. तो सकाळी झोपतो यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. तो दुपारी जागा असतो, हे महत्त्वाचे होते. आपल्याकडे पहाटेचे चार वाजले की त्याला झोप येते आणि दुपार झाली की जाग. मग जगात असे कोणते ठिकाण आहे, जिथे आपल्या पहाटे चारला निजायची वेळ होते? मी गोल फिरवला. शिकागो मागे गेले, सगळा अटलांटिक मागे गेला, आणि माझे बोट लंडनवर थांबले. तिथे तेव्हा रात्रीचे साडेदहा.

मुलाने शिकागोहून थेट आलो असे सांगितले होते. त्याची झोप सांगत होती की तो लंडनहून आला. दोघांपैकी एक खोटे बोलत होते, आणि झोपेला खोटे बोलण्याचे काही कारण नव्हते.

त्या दिवशी मी तो गोल शाळेतून परवानगीने घरी आणला. नोकरी सुटलेली असेल, शिकागोचा नुसता पत्ता असेल, लंडनला काही संसारही असेल. बहीण प्राथमिक शाळेत शिकवत असे. ती वह्या तपासत बसली होती. मी तिला गोल दाखवून सगळे सांगितले. तिने हातातली वही मिटली.

"दादा, तुला माणूस दिसला की त्याची उत्तरपत्रिकाच दिसते."

"कॉपी केलेली उत्तरपत्रिका लगेच ओळखू येते. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असतं. डोळे का लाल? विमान. पाय का सुजले? विमान. झोप का? विमान."

"मग तपास की. पण मी आतून ऐकणार."

दुसऱ्या दिवशी चार वाजताच मी त्याला चहाला बोलावले. मामा नको, असे स्पष्ट सांगितले. तो आला, टेबलावरचा गोल पाहून म्हणाला, "वा, सर, शिकवणी?"

"एक शंका आहे," मी म्हणालो, आणि वर्गात मांडावे तसे क्रमाने मांडले. शिकागोची पहाट, लंडनची रात्र, मामांचा रेडिओ, पोह्यांच्या दोन बशा. बोलताना मी त्याच्याकडे पाहत होतो. तो आधी हसत होता, मग गोलाकडे पाहू लागला.

"पोह्यांवरून पकडलंत," तो म्हणाला.

"म्हणजे पकडण्यासारखं आहे."

"आहे, सर. लंडनला नऊ दिवस होतो. मावशीकडे. मागच्या खेपेला थेट आलो होतो, तेव्हा आठवडाभर पायांची सूज उतरली नाही आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. डॉक्टर म्हणाला, मध्ये थांबून जात जा. नऊ दिवसांत शरीर लंडनचं झालं, ते तुम्ही बरोबर काढलंत."

"एवढंच असतं तर लपवायचं कशाला? तुमच्या मामांनाही माहीत नाही."

तो बोटाने गोल फिरवू लागला. बाहेर मागांचा आवाज चालू होता. मी वाट पाहिली. उत्तर येत नसेल तर शिक्षकाने दुसरा प्रश्न विचारू नये, पहिलाच तसाच राहू द्यावा.

"मावशीनं एक मुलगी दाखवली तिथे," तो शेवटी म्हणाला. "तिकडेच वाढलेली. मी निघालो तेव्हा तिचं उत्तर यायचं होतं."

म्हणजे लंडनला संसार नव्हता. पण माझी बहीण दुसऱ्या क्रमांकावर होती. माझ्या सगळ्या संशयांपेक्षा हे उत्तर लहान होते आणि मला जास्त लागले. पोहे केले ते माझ्या पत्नीने, साडी नेसून बाहेर आली ती माझी बहीण, आणि हा मनुष्य टपालाची वाट पाहत तिसऱ्या बशीकडे बघत होता! मी उठलो. निरोप देण्याची वाक्ये माझ्या तोंडाशी तयार होती.

तेवढ्यात बहीण बाहेर आली.

"आलं का उत्तर?" तिने त्याला विचारले.

"परवा तार आली. नाही म्हणाली."

"का?"

"भारतात वाढलेला नवरा नको म्हणाली."

बहीण थोडी हसली. मी म्हणालो, "हसतेस काय? यांनी तुला राखीव ठेवलं होतं."

"दादा, आपण बार्शीच्या उत्तराची वाट बघतोयच की." मग त्याच्याकडे वळून, "बार्शीला बँकेत आहेत. त्यांचा होकार यायचाय. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल."

"नाही," तो म्हणाला.

"मग फिटंफाट."

हे माझ्या हिशेबात बसले नाही. बार्शीचा मुलगा बार्शीत होता, त्याच्या घरच्यांना विचारता येत होते. दोन्ही गोष्टी एका तराजूत कशा घालायच्या? पण बोलण्याची पाळी माझी नव्हती. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. पाहण्याच्या दिवशी ती चटईवर बसली होती.

"तुमचं शरीर अजून लंडनातच आहे," ती म्हणाली. "मला तिकडच्या माणसाशी बोलायचं नाही. ते इकडे येऊ द्या. मी सकाळी साडेसातला शाळेला निघते. सातला जागे झालात, की त्या दिवशी या. मग विचारीन ते खरं सांगा. नाही जमलं तर येऊ नका, मी वाईट वाटून घेणार नाही."

"माझी रजा थोडीच राहिलीय."

"म्हणून तर."

तो माझ्याकडे पाहू लागला. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास उरला नव्हता; पण कोणी न समजल्यासारखा चेहरा केला की समजावून सांगावेसे वाटणे, हा माझ्या धंद्याचा दोष आहे. मी त्याला सांगितले की आता घड्याळाकडे पाहू नका, उन्हाकडे पाहा. आपले घड्याळ पूर्वेकडच्या रेषेवर लावलेले आहे, सोलापूरचा सूर्य त्याच्या पंचवीसेक मिनिटे मागे चालतो. शरीराला सूर्यच कळतो. दिवस उगवला की तलावावर चालून या, झोप आली तर उभे राहा, दुपारी आडवे होऊ नका, रात्री आठला भाकरी खा आणि रेडिओ मामांकडे द्या. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. मान हलवणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीही माझे मत फारसे चांगले नाही.

पुढचे दिवस मी शाळेला जाताना माडीकडे पाहत असे. पहिल्या दिवशी चादर होती. दुसऱ्या दिवशी चादर होती आणि मामी ती ओढत होत्या. "उठा की, मास्तर बघाय लागल्यात!" त्यानंतर तो एकदा खांबाला टेकून उभ्यानेच झोपलेला दिसला. मामा दुकानातून ओरडले, "मास्तर, सासरे व्हायच्या आधीच छळायला लागलाव की!" मी त्यांची चूक सुधारली: मी सासरा नव्हे, मेहुणा होणार होतो. आणि तेही ठरले नव्हते. बार्शीचा होकार मधल्या काळात आला होता; ते पत्र मी घरात वाचून दाखवले. बहिणीने "बरं" एवढेच म्हटले.

मग एका सकाळी सात वाजायच्या आत दाराची कडी वाजली. मी दार उघडले. तो उभा होता, आंघोळ केलेला, केस विंचरलेले, स्वतःचे बूट घातलेले. मी प्रथम त्याचे डोळे पाहिले. लाल. मग गाल, झोपून उठलेल्या माणसाच्या गालावर उशीच्या खुणा असतात. त्या नव्हत्या.

बहीण माझ्या मागून पुढे आली. "झोप झाली?"

माझी खात्री होती, तो हो म्हणणार.

"नाही," तो म्हणाला. "पाच दिवस प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून झोपलोच नाही. तसाच आलो."

बहिणीने खुर्ची ओढून पुढे केली. मग म्हणाली, "बसा. चहा टाकते," आणि आत जाताना वहिनीला शाळेत उशीर होईल म्हणून निरोप पाठवायला सांगितले. तिला कधी उशीर झालेला मला आठवत नव्हता.

ती दोघे बोलत असताना मी आतल्या खोलीत बार्शीला नकाराचे पत्र लिहिले. भाषा सभ्य ठेवली. अक्षर नेहमीसारखे आले. ते पाकिटात घालून, पत्ता घालून, तिकीट लावून मी कोटाच्या खिशात ठेवले.

टपालात मात्र ते साखरपुडा झाल्यावरच टाकले.