चौकटीतले पणजोबा

समोरच्या शेजाऱ्यांच्या हॉलमधल्या तसबिरीला कुणी हात जोडले, की ते आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत पुटपुटायचे, "असू दे, असू दे."

तसबीर तळहाताएवढी. काळा कागद कातरून केलेली, एका बाजूने दिसणारी आकृती: धारदार नाक, उंच कॉलर, कपाळावर केसांची बट. एकोणिसाव्या शतकातला कुणी खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. तुम्ही पाहिली असती, तर मराठी माणसाला सुचतो तोच प्रश्न तुम्हीही विचारला असता, "पूर्वज का?"

सिंगापुरात जुरोंग ईस्टला आमचे फ्लॅट समोरासमोर. ते जहाजावरचे इंजिनिअर, पुढे तुआसच्या गोदीत. वहिनी लग्न होऊन आल्या त्या दिवशी त्यांनी तसबिरीपुढे वाकून विचारलं, "पणजोबा?" ते म्हणाले, "तेवढे जुने असतील." तेव्हापासून दर पितृपक्षात तसबिरीला चंदनाचा हार आणि पुढे खीर-वड्यांचं ताट. शेजारधर्म म्हणून ती खीर मीही वर्षानुवर्षं खाल्ली आहे.

मग आमच्या इथल्या मराठी मंडळाला एक पूर्वज असावासा वाटू लागला. एका वयात प्रत्येक मंडळाला तसं वाटतं. अध्यक्षांनी 'सिंगापुरातले आद्य मराठी गृहस्थ' म्हणून पणजोबांचं पुरुषभर उंचीचं बॅनर करवलं. खाली छापलं, 'नजरेत दूरदृष्टी'. कातरलेल्या काळ्या कागदात डोळा कुठे होता, हे अध्यक्षांनाच ठाऊक. अनावरणाचा कार्यक्रम ठरला: दीपप्रज्वलन वंशजाच्या हस्ते, आणि पहिल्या रांगेत वहिनींची खुर्ची. वहिनींनी नाशिकला माहेरी सगळ्यांना कळवलंसुद्धा.

आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. "अहो, ते आमचे कुणीच नाहीत. तरुणपणी एका बंदरातल्या जुन्या बाजारात चौकट आवडली म्हणून घेतली. आत हा साहेब होता. मागे नावही नाही. हिला कसं सांगू?"

"सांगूच नका," मी म्हणालो. "निम्म्या घरांतले पूर्वज असेच जमवलेले असतात."

"तसं नाही. त्या साहेबाचीही नातवंडं-पतवंडं असतील कुठेतरी. त्यांचा आजोबा पळवून मी दिवा लावायचा?"

दुसऱ्या दिवशी समईकडे न जाता त्यांनी माईक हातात घेतला. "हे माझे पणजोबा नाहीत. कोण आहेत, मला माहीत नाही. हे आधी हिला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

इथल्याच शाळेत शिकलेली त्यांची मुलगी तेवढी बोलली, "पप्पा, नाऊ देन यू से, लाह!" म्हणजे इथल्या बोलीत, हे आत्ता सांगताय होय!

अध्यक्ष बॅनर गुंडाळायला धावले. एवढा उंच पूर्वज गुंडाळायला दोन माणसं लागली.

ते दोघं आता नाशिकला परतलेत. समोरच्या दारावर दुसरी पाटी आहे. मला ते आठवतात ते त्या दिवसाचे: व्यासपीठावरून उतरून, कुणाकडे न पाहता, थेट शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसलेले. पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. सगळ्यांच्या माना त्यांच्यामागे फिरल्या. त्या त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, "सरका जरा," आणि शेजारी बसल्या.