विलासनं सांगितलं होतं

घोडेगावच्या स्टँडसमोर जीप लावून मी तळेघरच्या सिटा भरत होतो, तेव्हा विलासच्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला. "भाऊ, हे गेले," एवढंच म्हणाली. मागं बसलेली म्हातारी विचारत होती, गाडी कधी सुटणार... त्याला आता तीन आठवडे झाले. लोक म्हणतात, धुळीनं गेला. ते खरं असेलही, पण मला पुरेसं वाटत नाही.

विलास डिंगोऱ्याच्या बुद्धवाड्यातला, मी त्याच गावातल्या शेतकऱ्याचा. शाळेत एका बाकावर बसलो. नव्वदनंतर तो भोसरीच्या एका कारखान्यात फायबरचं काम शिकला आणि काही वर्षांनी परत येऊन घोडेगावात त्यानं शेड टाकली. आमच्याकडच्या पावसात जीपचे पत्रे कुजतात. विलास काचेच्या धाग्याचं कापड साच्यात अंथरायचा, त्यावर चिकट, घट्ट होणारं रेझिन चोपडायचा, की वाळल्यावर दरवाजा, बॉनेट, मडगार्ड तयार. गंजायचं नाव नाही. मग घासकाम, त्याची बारीक धूळ शेडभर उडायची. तोंडाला काही बांध म्हटलं की म्हणायचा, "दम कोंडतो राव."

माझा चुलतभाऊ अविनाश याला शर्यतीची गाडी बनवायची होती. मीच त्याला विलासकडे नेलं. सगळी बॉडी कार्बन फायबरची हवी, काळी वीण वरून दिसली पाहिजे, असा त्याचा हट्ट. विलासनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "बॉनेट कार्बनचं करू, वजन लई कमी व्हईल. पण मडगार्ड साध्या फायबरचीच ठेवा. घाटात दगड उडत्यात. कार्बन कडक, दणका बसला की चिरतो. साधं फायबर जरा लवतं, आन् फुटलं तरी इथं बसून सांधता येतं."

"मला काळंच पाहिजे. तू कर," अविनाश म्हणाला.

विलासनं केलं, आणि असं केलं की बघणारा थांबायचा. दुसऱ्याच महिन्यात तळेघरच्या वाटेवर दगड बसला, पुढचं मडगार्ड उभं चिरलं. अविनाश शेडसमोर येऊन ओरडायला लागला. दहा-बारा माणसं जमली. "असली कामं यांच्या हाती द्यायचीच न्हाईत!" 'यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे तिथं प्रत्येकाला कळलं. विलासनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं सल्ला दिला तेव्हा हजर असलेला तिसरा माणूस मीच होतो. एक वाक्य बोलायचं होतं... मी मान खाली घालून चिरलेलं मडगार्ड न्याहाळत राहिलो.

त्यानंतर गिऱ्हाइकं आटली. शेडला कुलूप लावून विलास चाकणकडे एका कारखान्यात नुसत्या घासकामाला लागला. खोकला तिथंच छातीत बसला. पुण्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मी कसंबसं म्हणालो, "विल्या, त्या दिवशी मी बोलाया पाहिजे व्हतं." त्यानं नाकावरचा मास्क बाजूला केला. "व्हय," म्हणाला. "पाहिजे व्हतं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

विलासच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, अविनाश आला होता. माइक हातात घेऊन म्हणाला, "तालुक्यातला मोठा कलावंत गेला." सुनंदा उठून आत गेली. मी बसूनच राहिलो. तिथंही.

माझ्या जीपचा दरवाजा विलासनं बनवलेला आहे. बाहेरून गुळगुळीत, आतली बाजू खरबरीत. तिथं ओल्या रेझिनवर उमटलेला त्याचा पंजा तसाच वाळून राहिलाय, पाचही बोटं मोजता येतात. रोज दार ओढून घेताना माझा हात त्यावर पडतो. मी तो चटकन काढून घेतो.