कोंडाजीचं मीठ, आमचं पाणी

कोंडाजी आमच्या बिल्डिंगचा वॉचमन होता. 'होता' लिहिताना अजून डोकं तापतं माझं.

उरणच्या मिठागरात तीस वर्षं राबलेला माणूस. मिठागर बंद पडलं तेव्हा आमच्या गेटवर येऊन बसला आणि बायकोला, सगुणाला घेऊन जिन्याखालच्या खोलीत राहिला. कुठलं पाणी कुठे जाईल, हे तो नुसतं बघून सांगायचा. जन्मभर तेच तर केलं होतं! पण आमच्या शहाण्यांना त्याचं काय?

बिल्डिंगमध्ये अठ्ठावीस एसी. एकाचाही पाइप धड खाली आणलेला नाही. मार्च लागला की सगळ्यांचं पाणी टपटप मागच्या वाटेवर. आमचा सेक्रेटरी दिपेश, त्याला कोंडाजी दोन वर्षं सांगत होता, "शेट, सगल्यांचा पानी एका पायपान घ्या, उतार देऊन गटारान सोरा." दिपेश म्हणे, "ज्याने त्याने आपापलं बघावं." आपापलं म्हणजे कुणीच बघायचं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

वाटेवर शेवाळ धरलं. एप्रिलमध्ये भांडीवाली मनुबाई त्यावरून घसरून पडली, मनगट मोडलं. खापर कुणावर? कोंडाजीवर! "झाडत का नाहीस?" अरे, वरून चोवीस तास गळतंय, तो झाडणार काय, कपाळ?

मग त्याने आपल्याला ठाऊक असलेला उपाय केला. गोणभर खडेमीठ आणून वाटेवर पसरलं. मिठागरवाल्याला मीठच सुचणार. शेवाळ मेलं, वाट लख्ख झाली. पण वरून गळणारं आमचंच पाणी ते मीठ घेऊन कडेच्या वाफ्यात उतरलं आणि आठवडाभरात सेक्रेटरीणबाईंचा मोगरा करपला. पाणी ओळखणारा माणूस तिथे चुकला, कबूल.

मनुबाईच्या हातासाठी कुणी मीटिंग बोलावली नव्हती. मोगऱ्यासाठी बोलावली. वा रे वा!

कोंडाजी हात जोडून उभा राहिला. "मीठ मी टाकला, चुकी माझी. पन पानी कोनाचा?"

कुणी वर बघेना. "याला काढायचं. मान्य असेल त्यांनी हात वर करा," दिपेश म्हणाला. फटाफट हात वर झाले.

मी केला नाही. त्याचा मला क्षणभर अभिमानसुद्धा वाटला. आग लागो त्या अभिमानाला! माझ्या बेडरूमचा पाइपही त्याच वाटेवर लोंबतोय, आणि "पाणी आमचं" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून फुटले नाहीत. त्याच संध्याकाळी सगुणा खोलीतली भांडी पोत्यात भरत होती, त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता.

दोन दिवसांनी नवा वॉचमन आला. दिपेश त्याला पहिलं काम समजावत होता, "मागची वाट कोरडी ठेवायची, काय?"

मी गॅलरीतून ऐकलं. आत एसी चालूच होता.